‘मी रोबोट नाही’ म्हणताना ज्याचं नाव येतं तो माणूस : ॲलन ट्युरिंग

ऑनलाइन तिकीट काढताना किंवा एखादा फॉर्म भरताना मध्येच एक चौकट येते. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, सिग्नल असलेले फोटो निवडा, नाहीतर ‘मी रोबोट नाही’ वर टिक करा. याला कॅप्चा म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. पण कॅप्चा हे एका लांबलचक इंग्रजी नावाचं छोटं रूप आहे आणि त्यातला ‘टी’ हा ट्युरिंग या आडनावाचा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मलाही ते उशिराच कळलं. इंजिनिअरिंगला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये ट्युरिंग मशीन शिकलो, टेप आणि स्टेटचे प्रश्न सोडवले, मार्क मिळवले. तो माणूस कोण होता, हे सिलॅबसमध्ये नव्हतं. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की ही गोष्ट नुसती कॉम्प्युटरची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये बाईने काय करावं आणि पुरुषाने कसं असावं, याचे साचे पक्के ठरलेले होते. ट्युरिंग आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या अनेक बायका त्या साच्यांत बसत नव्हत्या. युद्धाच्या गरजेपोटी बायकांसाठी साचा थोडा सैल झाला. ट्युरिंगसाठी तो युद्धानंतर आवळला गेला. तर आज तीच गोष्ट.

वडील भारतात, मुलं इंग्लंडात

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण घराचं नातं भारताशी होतं. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते आणि आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत चीफ इंजिनिअर. त्या काळच्या बऱ्याच साहेबांच्या घरात असायचं तसंच इथेही झालं : आईवडिलांचा मुक्काम जास्त करून भारतात आणि मुलं इंग्लंडात. ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांचं लहानपण एका निवृत्त कर्नलच्या घरी गेलं.

१९२६ मध्ये त्याला शेरबोर्न या बोर्डिंग शाळेत घातलं. टर्म सुरू व्हायची आणि देशभर सार्वत्रिक संप, रेल्वे बंद. १३ वर्षांच्या या पोराने सायकल काढली आणि साउदॅम्प्टनहून शाळेपर्यंत जवळपास १०० किलोमीटर एकट्याने गाठले, वाटेत एक रात्र मुक्काम करून. पुढे मोठेपणीही तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली.

अशा शाळांचं खरं काम म्हणजे ‘जंटलमन’ तयार करणं. लॅटिन, खेळ, शिस्त. ॲलनचं अक्षर घाणेरडं, शर्टाचा काठ बाहेर आणि डोक्यात सतत गणित, त्यामुळे मास्तर वैतागलेले असायचे. तिथे त्याला एक मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉर्कम. गणित आणि खगोलशास्त्र हे दोघांचं वेड. ॲलनचा त्याच्यावर जीव होता. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाच्या आजाराने गेला. ॲलन त्यातून सावरला, पण एक प्रश्न त्याच्याजवळ राहिला. शरीर संपल्यावर मनाचं काय होतं? मन म्हणजे नक्की काय असतं?

कागदावरचा कॉम्प्युटर

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि २२ व्या वर्षी तिथेच फेलो झाला. १९३६ मध्ये त्याने जो पेपर लिहिला, त्यावर आपलं सगळं क्षेत्र उभं आहे.

प्रश्न शुद्ध गणिताचा होता. कुठलंही गणिती विधान दिलं तर ते सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एक ठरावीक पद्धत असू शकते का? ट्युरिंगने आधी विचारलं, की ‘पद्धत’ म्हणजे काय? त्याने एक साधं मशीन कल्पिलं. चौकोन पाडलेली लांब टेप आणि एका वेळी एक चौकोन वाचणारं डोकं. ते चिन्ह वाचतं, पुसतं, लिहितं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. बस्स. जे काही नियमाने मोजता येतं ते हे मशीन मोजू शकतं, असं त्याने मांडलं आणि काही प्रश्न कुठलंच मशीन सोडवू शकत नाही, हेही सिद्ध केलं.

त्यातच आणखी एक कल्पना होती. प्रत्येक कामासाठी वेगळं मशीन कशाला? एकच मशीन असं करता येईल, ज्याला दुसऱ्या कुठल्याही मशीनचं वर्णन टेपवर लिहून दिलं की ते त्याच्यासारखं वागेल. तुमच्या फोनवर कॅल्क्युलेटर, कॅमेरा, गेम आणि पेमेंट ॲप हे सगळं एकाच चिपवर चालतं ना? त्याचं मूळ इथे आहे.

गंमत म्हणजे तेव्हा इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द माणसासाठी वापरला जायचा. दिवसभर आकडेमोड करणारा पगारी माणूस म्हणजे कॉम्प्युटर. या नोकरीत बायकांची संख्या मोठी होती. हे काम किचकट आणि कंटाळवाणं मानलं जायचं, म्हणून ते बायकांकडे. म्हणजे आपल्या हातातल्या यंत्राचं नाव मुळात एका कमी पगाराच्या नोकरीचं नाव आहे.

ब्लेचली पार्क

पुढची दोन वर्षं ट्युरिंग अमेरिकेत प्रिन्स्टनला होता. पीएचडी करून १९३८ मध्ये परतला. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी तो ब्लेचली पार्कला हजर झाला. बाहेरून बघाल तर लंडनपासून ८० किलोमीटरवरचा एक बंगला आणि आवारात लाकडी शेड. आतमध्ये ब्रिटनचा सगळ्यात गुप्त उद्योग : जर्मन संदेश फोडणे.

जर्मन सैन्य एनिग्मा नावाचं मशीन वापरायचं. दिसायला टाइपरायटरसारखं. एक की दाबली की आतल्या चकत्यांमधून आणि पुढच्या वायरींमधून करंट फिरून भलत्याच अक्षराचा दिवा लागायचा. प्रत्येक की दाबल्यावर चकती एक घर फिरायची, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी उत्तर बदलायचं. रोजचं सेटिंग वेगळं. शक्य सेटिंग किती? १५९ वर १८ शून्यं, साधारण तेवढी. सेकंदाला एक कोटी सेटिंग तपासली तरी सगळी संपायला पाच लाख वर्षं लागतील. म्हणजे ब्रूट फोर्स विसरा.

इथे पहिलं श्रेय पोलंडच्या तीन गणितज्ञांचं, हे सांगायलाच हवं. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की यांनी एनिग्मा युद्धाआधीच फोडलं होतं आणि जुलै १९३९ मध्ये पोलंडने ते ज्ञान ब्रिटिशांना दिलं. पण जर्मनांनी पद्धत बदलली की पोलिश युक्ती बंद पडायची. ट्युरिंगने वेगळा रस्ता धरला. एनिग्मात एक खोट होती : कुठलंही अक्षर स्वतःमध्ये बदलत नसे. ‘अ’ चा ‘अ’ कधीच येणार नाही. त्यात जर्मन शिस्तीचे, रोज त्याच वेळी हवामानाचा अहवाल पाठवणारे. मग संदेशात ‘हवामान’ हा शब्द कुठे असेल याचा अंदाज करायचा आणि कुठलं सेटिंग त्या अंदाजाशी विसंगत आहे ते मशीनने तपासायचं. विसंगती आली की ते सेटिंग बाद, पुढे चला. लाखो चुकीची सेटिंग अशी बाजूला पडायची आणि मोजकी हाती राहायची.

या मशीनचं नाव बॉम्ब. स्फोटकाशी काही संबंध नाही, पोलिश मशीनच्या नावावरून आलेलं नाव. पहिलं बॉम्ब मार्च १९४० मध्ये बसलं. लगेचच गॉर्डन वेल्शमन या गणितज्ञाने त्यात अशी सुधारणा सुचवली की त्याची ताकद कितीतरी वाढली.

ट्युरिंगने स्वतःसाठी सगळ्यात अवघड काम निवडलं, जर्मन नौदलाचं एनिग्मा. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या अन्नधान्य आणि शस्त्रं आणणारी जहाजं बुडवत होत्या. ब्रिटन बेट असल्याने हा मार्ग तुटला तर खेळ संपला. या कामाच्या शेडचं नाव हट ८ आणि तिचा प्रमुख ट्युरिंग. १९४१ मध्ये जर्मन जहाजांवरून पकडलेली कागदपत्रं आणि हट ८ चं गणित जुळून आलं आणि नौदलाचे संदेश वाचता येऊ लागले.

मशीन कोण चालवत होतं?

युद्ध संपत आलं तेव्हा ब्लेचलीच्या कामात सुमारे ९,००० माणसं होती आणि त्यातल्या दर चारपैकी तीन बायका होत्या.

यामागे देशाची गरज होती. पुरुष आघाडीवर गेले होते. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांना पहिल्यांदाच सक्तीने युद्धकामाला बोलावलं. कारखाना, शेती किंवा सैन्याची महिला दलं, काहीतरी निवडा. नौदलाच्या महिला दलातल्या मुलींना रेन म्हणायचे. बॉम्ब मशीन चालवायचं काम शेकडो रेनकडे होतं. एका मशीनवर १०८ ड्रम, वजन साधारण एक टन, आवाज प्रचंड आणि तेल उडणार. आठ-आठ तासांच्या पाळ्या. मागच्या बाजूच्या जाडजूड वायरी अचूक जागी लावायच्या, एक जरी चुकली तरी सगळी मेहनत वाया. आपण नक्की काय करतोय हेसुद्धा त्यांना पूर्ण सांगितलेलं नसायचं.

१९४४ पासून वापरात आलेलं कोलॉसस हे इलेक्ट्रॉनिक मशीनही रेनच चालवायच्या. ते ट्युरिंगने बनवलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही, ते पोस्ट खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरचं काम.

जोन क्लार्क : भाषातज्ज्ञ, भाषा एकही नाही

या सगळ्यात एक नाव वेगळं काढून सांगायला हवं. जोन क्लार्कने केंब्रिजमध्ये गणितात अव्वल श्रेणी मिळवली होती, पण पूर्ण पदवी नाही. कारण केंब्रिज बायकांना पूर्ण पदवीच देत नव्हतं, ती १९४८ पासून मिळू लागली. जून १९४० मध्ये जोन ब्लेचलीत आली ती कारकुनी काम करणाऱ्या मुलींच्या गटात. काही दिवसांतच तिची हुशारी दिसली आणि तिला ट्युरिंगच्या टीममध्ये वेगळं टेबल मिळालं.

काम गणितज्ञाचं, पगार कारकुनाचा, आठवड्याला दोन पाउंडांच्या आसपास. बढती द्यायची तर वरिष्ठ महिला कोडब्रेकर अशी श्रेणीच सरकारी तक्त्यात नव्हती. मग साहेबांनी जुगाड केला आणि तिला कागदोपत्री भाषातज्ज्ञ केलं. नंतर फॉर्म भरताना हुद्द्यासमोर भाषातज्ज्ञ आणि येणाऱ्या भाषांसमोर एकही नाही, असं लिहायला तिला मजा वाटायची. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये तिच्यासाठी फील्डच नव्हतं, म्हणून तिला दुसऱ्याच कॉलममध्ये भरली.

ट्युरिंगने बॅनबरिस्मस नावाची पद्धत काढली होती. लांब कागदांवर संदेशांची भोकं पाडायची, एक कागद दुसऱ्यावर सरकवायचा आणि भोकं कुठे जास्त जुळतात ते बघून संभाव्यता मोजायची. त्यामुळे बॉम्बवर तपासायची सेटिंग कमी व्हायची. या कामात जोन सगळ्यात तरबेज लोकांपैकी एक होती. १९४४ मध्ये ती हट ८ ची उपप्रमुख झाली.

ॲलन आणि जोनचं छान जमायचं. एकत्र सिनेमा, बुद्धिबळ. १९४१ च्या सुरुवातीला त्याने तिला मागणी घातली, तिने होकार दिला. पण लगेचच त्याने तिला सांगितलं की आपल्याला पुरुषांबद्दल आकर्षण वाटतं. तिने तेवढ्यावरून साखरपुडा मोडला नाही. त्या काळात लग्न म्हणजे संसार आणि सामाजिक सोय, असं अनेक जण मानायचे. उन्हाळ्यानंतर मात्र ॲलननेच नातं थांबवलं. तिच्याशी खोटं जगायची त्याची तयारी नव्हती. मैत्री टिकली.

हे सांगणं तेव्हा केवढं मोठं होतं, ते कायदा बघितला की कळतं. १८८५ पासून ब्रिटनमध्ये दोन पुरुषांमधले शारीरिक संबंध हा गुन्हा होता. दोघांच्या संमतीने, बंद घरात असले तरी. युद्धातही तो कायदा तसाच होता. फरक इतकाच, की हट ८ मध्ये कुणी ते विचारत नव्हतं. तो उन्हाळ्यात परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा, चहाचा मग रेडिएटरला साखळीने बांधायचा, लोक हसायचे आणि कामाला लागायचे. संदेश फुटतोय ना, मग झालं.

मशीनची परीक्षा

युद्धानंतर ट्युरिंगने आधी सरकारी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरचं डिझाइन केलं, मग १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेला. १९५० मध्ये त्याने यंत्र विचार करू शकतं का, यावर लेख लिहिला. ट्युरिंग टेस्ट ती हीच.

पण मूळ लेखातला खेळ मशीनपासून सुरू होत नाही. एका खोलीत एक पुरुष आणि एक बाई. दुसऱ्या खोलीत प्रश्न विचारणारा. आवाज कळू नये म्हणून उत्तरं टाइप करून द्यायची. पुरुष कोण आणि बाई कोण हे फक्त उत्तरांवरून ओळखायचं. पुरुष फसवायचा प्रयत्न करणार, बाई मदत करणार. मग ट्युरिंग विचारतो, की त्या पुरुषाच्या जागी मशीन बसवलं तर? विचारणारा आधीइतकाच चुकेल का?

म्हणजे ज्या चाचणीवरून आज एआयबद्दल एवढी चर्चा होते, तिची सुरुवात स्त्री-पुरुष ओळखण्याच्या खेळापासून झाली. खेळाची रचनाच अशी, की शरीर भिंतीआड. दिसणं नाही, आवाज नाही, फक्त काय बोलतोस ते. हुशारी ठरवायची तर तिच्या कामावरून ठरवा, ती कशात राहते त्यावरून नाही, असा हा साधा न्याय आहे. हाच न्याय त्याला स्वतःला मिळाला नाही.

१९५२

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. त्याने पोलिसात तक्रार दिली. चौकशीत चोराची ओळख एका तरुणापर्यंत पोहोचली, ज्याच्याशी ट्युरिंगचे संबंध होते. पोलिसांनी विचारल्यावर ट्युरिंगने सरळ खरं सांगितलं. तक्रारदार आरोपी झाला.

३१ मार्च १९५२ ला खटला उभा राहिला. ब्लेचलीतला सहकारी ह्यू अलेक्झांडर त्याच्या बाजूने साक्षीला आला. पण ट्युरिंगने युद्धात काय केलं ते कोर्टात सांगता येत नव्हतं, कारण ते गुपित होतं. जे काम त्याच्या बाजूने बोललं असतं, ते बोलूच शकत नव्हतं. त्याच्याकडे दोन पर्याय आले : तुरुंग, नाहीतर वर्षभर हॉर्मोन घेणे. त्याने दुसरा स्वीकारला. स्त्रियांमधल्या इस्ट्रोजेन हॉर्मोनसारखं कृत्रिम औषध त्याला दिलं गेलं, इच्छा मारण्यासाठी. त्याची छाती वाढली, शरीर बदललं. पुरुषाने कसं असावं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या पुरुषी शरीरातच ढवळाढवळ केली.

त्याचा सुरक्षा परवानाही गेला. युद्धानंतर तो सरकारच्या गुप्त संदेश खात्याला सल्ला देत होता, ते बंद झालं. शीतयुद्धाचे दिवस होते. असा माणूस ब्लॅकमेलला बळी पडेल, असा सरकारचा तर्क. ज्याने स्वतः पोलिसांना सगळं सांगून टाकलं होतं त्याला कोण ब्लॅकमेल करणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. घरातल्या रसायनांच्या प्रयोगात अपघात झाला, असं त्याची आई शेवटपर्यंत मानत राहिली. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, पण ते तपासलंच गेलं नाही. आणि हो, ॲपलचा लोगो त्यावरून आहे ही नेटवरची फेमस गोष्ट खरी नाही. लोगोच्या डिझायनरने स्वतः ती नाकारली आहे. तसंच ट्युरिंगवरच्या २०१४ च्या सिनेमात तो एका सोव्हिएत हेराला वाचवतो असं दाखवलंय, तसलं काही घडलं नव्हतं.

उशिरा आलेली माफी

ब्लेचलीचं काम १९७० च्या दशकापर्यंत गुपित राहिलं. मशीन चालवणाऱ्या बायकांनी तोपर्यंत घरातसुद्धा तोंड उघडलं नाही. ऑफिसात टायपिंग करायचो, एवढंच सांगितलं. इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७ मध्ये बदलला. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ट्युरिंगला दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर क्षमा दिली आणि २०१७ मध्ये अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या इतर मृतांनाही क्षमा मिळाली. २३ जून २०२१ ला, त्याच्या वाढदिवशी, त्याचं चित्र असलेली ५० पाउंडांची नोट आली.

आपण हे दुसऱ्या देशाचं म्हणून सोडून देऊ शकत नाही. ब्रिटिशांनी १८६० मध्ये केलेल्या दंडविधानातलं कलम ३७७ आपल्याकडेही होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ते लागू होणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला दिला. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत.

कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार त्याच्याच नावाने, ट्युरिंग अवॉर्ड. तो १९६६ पासून दिला जातो. पहिल्या बाईला तो मिळाला २००६ मध्ये, फ्रान्सिस ॲलन यांना. ‘कॉम्प्युटर’ हे ज्यांच्या नोकरीचं नाव होतं, त्यांना तिथे पोहोचायला ४० वर्षं लागली.

कॅप्चात आता गंमत उलटी झाली आहे. मशीन परीक्षक आणि आपण परीक्षार्थी. पण नियम ट्युरिंगचाच आहे. तुम्ही कोण, कुठले, कसे दिसता, कुणावर प्रेम करता, हे ती चौकट विचारत नाही. फक्त उत्तर बघते. १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या एका घरात आलेल्या पोलिसांनी तेवढंच केलं असतं, तर चोराचा शोध घेऊन प्रकरण तिथेच संपलं असतं.